आइस्क्रीमच्या डब्यातले उंदीर : सोलापुरातल्या एका घरातलं साल्मोनेलाचं प्रकरण

मे महिन्यातला सोमवार, दुपारचे अडीच. पारा 43 च्या पुढे गेला की सोलापुरात या वेळी रस्ते ओस पडतात. माझ्या प्राण्यांच्या दवाखान्याचं शटर अर्धं ओढून मी आत बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. दोन वर्षांपासून माझ्याकडे आपला पाळीव साप, बॉल पायथन, घेऊन येणारा तेवीस वर्षांचा मुलगा बोलत होता.

"मॅडम, साप तपासायचाय. आजच्या आज."

"काय झालं? खाणं सोडलं का?"

"त्याला काय झालं नाही ओ. बाळ ॲडमिट आहे, दादाची मुलगी. डॉक्टर म्हणाले साल्मोनेला निघालाय. घरात सगळे माझ्याकडंच बघायलेत."

हे प्रकरण मी घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, पेठ आणि बाळ जिथे होतं ते रुग्णालय सांगायचं नाही, ही त्यांची अट आहे आणि मला ती रास्त वाटते. माझी स्वतःची चूक मात्र मी लपवणार नाही. ती या प्रकरणाचाच भाग आहे.

घर आणि साप

शहराच्या जुन्या भागातलं दुमजली घर. लिंगायत कुटुंब, पक्कं शाकाहारी, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. घरात बहात्तर वर्षांच्या आजी, आई, दादा-वहिनी, त्यांची आठ महिन्यांची मुलगी आणि हा धाकटा. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, म्हणून मोरीत दोन मोठी पिंपं आणि गच्चीवर टाकी. सोलापूरकरांना यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही, पण या प्रकरणात पाण्याचा हिशेब पुढे महत्त्वाचा ठरला.

साप वरच्या खोलीत. बॉल पायथन हा मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, बिनविषारी, शांत स्वभावाचा. ही परदेशी जात साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात येते, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंद केलेली होती, कागद मी पाहिले होते. आपला अजगर किंवा नाग असा घरात ठेवणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. इथे तो प्रश्न नव्हता.

मुलगा मनापासून काळजी घेणारा. पेटीच्या एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, आर्द्रता मोजायचं यंत्र, कात टाकायच्या दिवसांची वही. सापाला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे हे त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि तो ते न चुकता करत होता. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा जुलाब घडवणारा जिवाणू असू शकतो, प्राणी ठणठणीत असतानाही तो विष्ठेतून बाहेर पडतो, ही गोष्ट पाळणाऱ्यांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. अमेरिकेत दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कासवं विकायला 1975 मध्येच बंदी घातली गेली ती याच कारणाने. मुलं ती तोंडात घालायची.

म्हणजे सापाकडून येणारा धोका आम्हाला दोघांनाही माहीत होता. तो दरवाजा आम्ही नीट लावून घेतला होता.

आजार

बुधवारी रात्री बाळाला जुलाब सुरू झाले. सकाळपर्यंत सात वेळा. आजी म्हणाल्या, दात येताहेत. गुरुवारी अंगात 102 ताप. जवळच्या डॉक्टरांनी ओआरएस आणि झिंक दिलं, जे त्या टप्प्यावर योग्यच होतं. शुक्रवारी शौचात शेंब आणि रक्ताचे धागे दिसले, डोळे खोल गेले, बाळ स्तनपानही नीट घेईना. तेव्हा तिला दाखल केलं. बालरोगतज्ज्ञांनी सलाइन लावलं आणि शौच व रक्त दोन्ही कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवून तपासायला, पाठवलं. सोमवारी सकाळी शौचाचा अहवाल आला, साल्मोनेला. रक्ताचं कल्चर तोवर स्वच्छ होतं आणि शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. एवढ्या लहान बाळाच्या बाबतीत जीव टांगणीला लागतो तो त्याच अहवालासाठी, कारण जिवाणू आतड्यातून रक्तात गेला तर तो मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

'साल्मोनेला' ऐकल्यावर घरच्यांना वाटलं टायफॉइड. आपल्याकडे हा घोळ नेहमीचा आहे. टायफॉइडचा जिवाणू याच कुळातला खरा, पण तो फक्त माणसात राहतो. या कुळात अडीच हजारांहून अधिक प्रकार आहेत आणि त्यातले बरेचसे जनावरांच्या, पाखरांच्या, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत राहतात. तिथून ते माणसाच्या पोटात गेले की सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही जुलाब, ताप, पोटात कळा सुरू होतात. धडधाकट माणूस चार ते सात दिवसांत प्रतिजैविकाशिवायही बरा होतो. बाळं, म्हातारी माणसं, केमोथेरपी चालू असलेले किंवा अवयवरोपण झालेले रुग्ण यांचं तसं नसतं.

बालरोगतज्ज्ञांनी अगदी नेमके प्रश्न विचारले होते. अंडं? नाही. कोंबडी? नाही. कच्चं दूध? नाही, उकळून. पाणी? बाळाचं उकळलेलंच. वरचं खाणं? नाचणीचं सत्त्व, मऊ भात, वरणाचं पाणी. मग शेवटी त्यांनी विचारलं, घरात प्राणी आहे का? वहिनी म्हणाल्या, "दीराचा साप आहे. पण तो वर असतो. बाळाला मी कधी त्या खोलीत नेलेलं नाही."

ते खरंच होतं.

फ्रीज

संध्याकाळी मी घरी गेले. साप पाहिला. वजन चांगलं, तोंड स्वच्छ, अंगावर कसली खूण नाही. अवस्करातून, म्हणजे विष्ठा बाहेर पडते त्या द्वारातून, कापसाच्या काडीने नमुना (स्वॅब) घेतला, पेटीतली वाळलेली विष्ठा डबीत घेतली, पाण्याच्या वाडग्याचा स्वॅब घेतला. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत आल्या नाहीत. मी काम करता करता सहज विचारलं, "शेवटचं खाणं कधी दिलं होतंस?"

"रविवारी रात्री. मागच्या."

"कुठं ठेवतोस उंदीर?"

तो गप्प. मग वहिनींकडे एकदा बघून म्हणाला, "मॅडम, खाली सोडायला येतो तुम्हाला." जिन्यात थांबून त्याने हळू आवाजात सांगितलं. उंदीर स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये होते. घरात कुणालाही माहीत नव्हतं. घरच्यांची समजूत अशी होती की तो सापाला मित्राच्या घरी नेऊन खायला घालतो.

इथे माझी चूक आहे. दोन वर्षांत तो माझ्याकडे सात-आठ वेळा आला असेल. कातीबद्दल बोललो, आर्द्रतेबद्दल बोललो, उंदराचं वजन सापाच्या वजनाच्या किती टक्के असावं यावर बोललो. तो शाकाहारी घरातला आहे हे मला माहीत होतं. उंदीर कुठे ठेवतोस, कुठे वितळवतोस, कशात वितळवतोस, हे तीन प्रश्न मी एकदाही विचारले नाहीत.

आता आजींना सांगितल्याशिवाय फ्रीज उघडता येणार नव्हता. मी त्याला म्हटलं, तूच सांग, मी बाजूला उभी राहते. त्याने सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जीव आहे तो, त्याचं जे खाणं आहे ते तो खाणारच की. पण माझ्या ओट्यावर, बाळा? विचारलं असतंस तर गच्चीवर जागा केली असती मी तुला." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं.

एकदारी फ्रीज, वर फ्रीझर, त्याखाली चिलर ट्रे. फ्रीझरमध्ये मटारची पिशवी, खवलेलं खोबरं, बर्फाचे ट्रे आणि मागे कोपऱ्यात आइस्क्रीमचा एक लिटरचा डबा. झाकणाला चीर. आत पातळ कॅरीबॅगेत नऊ उंदीर. डब्याच्या तळाशी गुलाबी-तपकिरी बर्फ साचलेला आणि तसाच एक ओघळ फ्रीझरच्या तळावरून खालच्या चिलर ट्रेमध्ये उतरून गोठलेला. त्या ट्रेमध्ये कोथिंबिरीची जुडी होती, आणि नाचणीच्या सत्त्वाचा उघडलेला पुडा, मुंग्यांपासून वाचवायला फ्रीजमध्ये ठेवलेला.

पुढचं सगळं त्याने न अडखळता सांगितलं. उंदीर पुण्याहून येतात, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून, रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून. या वेळचं खोकं उशिरा हाती आलं, वरचे दोन-तीन उंदीर मऊ पडले होते. त्याने ते तसेच परत गोठवले. त्यानंतरच्या शनिवारी दुरुस्तीसाठी सहा तास वीज नव्हती. रविवारी रात्री सगळे झोपल्यावर त्याने एक उंदीर पिशवीतून काढून स्टीलच्या वाडग्यात घातला, पाणी ओतलं आणि सिंकमध्ये ठेवला. लवकर वितळावा म्हणून फ्रीजमध्ये ठेवण्याऐवजी उघड्यावर. अडीच-तीन तास. मग पाणी सिंकमध्ये ओतलं, वाडगा घासणीने घासला, ओट्यावरच्या फडक्याने पुसला आणि मांडणीत परत ठेवला. उंदीर वर नेला, लांब चिमट्याने सापाला दिला, आणि वर जाऊन साबणाने हात स्वच्छ धुतले.

"खाली का नाही धुतले?"

"नळ सोडला तर आवाज होतो, मॅडम. आणि पाणीही नव्हतं, मंगळवारी येणार होतं. वाडगासुद्धा तांब्याभर पाण्यातच विसळला."

सकाळी वहिनींनी त्याच घासणीने बाळाची वाटी-चमचा घासला आणि त्याच फडक्याने पुसला.

नमुने

डब्यातला एक उंदीर, चिलर ट्रेवरचा ओघळ, घासणी, फडकं, नाचणीचं सत्त्व आणि वरून आणलेले सापाचे तीन नमुने, असे आठ नमुने मी बर्फात घालून एका महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातल्या मैत्रिणीकडे नेले. तिने पहिल्यांदा जे सांगितलं ते मला नवीन नव्हतं, पण अशा नमुन्यांचा अहवाल वाचणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावं असं मला वाटतं. गोठलेल्या नमुन्यातला जिवाणू जखमी असतो. त्याला थेट निवडक माध्यमावर, म्हणजे ठरावीक जिवाणूंनाच वाढू देणाऱ्या खाद्यावर, टाकलं तर तो वाढत नाही आणि नमुना 'स्वच्छ' दिसतो. म्हणून आधी बफर्ड पेप्टोन वॉटर या पोषक द्रवात 37 अंशांवर रात्रभर ठेवून त्याला सावरू द्यायचं, मग इतर जिवाणूंना दाबणाऱ्या द्रवात साधारण 42 अंशांवर वाढवायचं, आणि त्यानंतर एक्सएलडी माध्यमाच्या लाल थाळीवर पसरायचं. साल्मोनेला असेल तर काळ्या ठिपक्याच्या वसाहती दिसतात. घाईत केलेल्या तपासणीवर 'फ्रोजन माइस निर्जंतुक आहेत' असं कुणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उंदीर, ओघळ आणि घासणी या तिन्हींत साल्मोनेला निघाला. फडक्यात नाही. वहिनींनी ते मधल्या काळात दोनदा उकळत्या पाण्यात धुऊन गच्चीवरच्या उन्हात वाळवलं होतं. नाचणीच्या सत्त्वातही नाही, पण पुडा दोनदा वापरून अर्धा संपला होता आणि आमच्याकडे उरलेला अर्धाच आला. सापाचे तिन्ही नमुने पहिल्या वेळी स्वच्छ आले.

घरात सुटकेचा श्वास सुटला, "म्हणजे सापात नाही!" मी लगेच थांबवलं. साप हा जिवाणू रोज बाहेर टाकत नाही. आज नाही, आठवड्याने आहे, पुन्हा महिनाभर नाही, असं चालतं. एका स्वच्छ स्वॅबला फार किंमत नाही. बारा दिवसांनी ताजी विष्ठा मिळाली, ती तपासली, त्यात निघाला. ज्याने तो उंदीर खाल्ला त्याच्या पोटात तो असणारच होता.

बाळाचा आणि उंदराचा जिवाणू एकाच गटाचा, बी गटाचा निघाला आणि कोणत्या प्रतिजैविकाला दाद देतो, कोणत्याला नाही, याचा नमुनाही जुळला. एवढ्यावर मी 'सिद्ध झालं' म्हणणार नाही. बी गटात अनेक प्रकार येतात, सर्वांत जास्त आढळणारा टायफिम्युरियमही त्यातलाच. नेमका प्रकार ठरवायला जिवाणू हिमाचल प्रदेशातल्या कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पाठवावा लागतो आणि दोन्हींचं मूळ एकच हे ठामपणे सांगायला संपूर्ण जनुकक्रम लागतो. तिथवर आम्ही गेलो नाही. घरातल्या मोठ्यांचं शौच तपासलं त्यात काही निघालं नाही, आजींनी मात्र द्यायला नकार दिला. तेव्हा 'बहुधा' हाच शब्द योग्य आहे. पण मटण-अंडं नसलेल्या घरात, उंदीर वितळवल्यानंतर तिसऱ्या दिवशी, त्या घासणीवर, त्याच गटाचा जिवाणू. माझ्या मनात शंका उरलेली नाही.

बर्फ काय करतो आणि काय करत नाही

मुलगा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होता, "पण मॅडम, ते तर फ्रोजन होते." साप पाळणाऱ्यांमध्ये ही समजूत पक्की आहे. जिवंत उंदीर घाण, फ्रोजन उंदीर स्वच्छ. जिवंत उंदीर द्यावा असं मीही म्हणत नाही, तो सापाला चावतो, कधी डोळाही जातो, आणि त्या उंदराचेही हाल होतात. गोठवण्याने काही परजीवी मरतात हेही खरं. पण साल्मोनेलाचं तसं नाही. मी वहिनींना विरजणाची आठवण करून दिली. परगावी जाताना चमचाभर विरजण फ्रीझरमध्ये ठेवतो, आठवड्याने काढून कोमट दुधात घातलं की दही लागतं. थोडे जिवाणू मरतात, बाकीचे झोपतात. उणे 18 अंशांवर साल्मोनेला महिनोन् महिने तसाच पडून राहतो आणि वितळल्यावर उठतो.

उठल्यावर त्याला सर्वांत आवडतं तापमान 37 अंशांच्या आसपासचं. मे महिन्यात सोलापुरातल्या स्वयंपाकघराचा ओटा रात्री अकरा वाजताही जवळपास तेवढाच असतो. अनुकूल परिस्थितीत तो वीस ते तीस मिनिटांत दुप्पट होतो. अर्धा तास धरला आणि सहा तास मिळाले तर एकाचे चार हजार होतात. ओल्या घासणीला रात्रभरात सहा तास सहज मिळतात, तिच्यात अन्नाचे कणही असतातच. मोठ्या माणसाच्या पोटातलं आम्ल बऱ्याच जिवाणूंना मारतं. आठ महिन्यांच्या बाळाला आजारी पाडायला त्या मानाने फार थोडे पुरतात.

उंदराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लोक विसरतात. सापाची विष्ठा दहा-पंधरा दिवसांतून एकदा, एका पेटीत पडते, दिसते, वास येतो, माणूस सावध होतो. उंदीर मात्र आतड्यांसकट आणि केसांना चिकटलेल्या विष्ठेसकट थेट फ्रीजमध्ये येतो. आजारी न दिसणारा उंदीरही साल्मोनेला बाळगून असतो. अमेरिकेत 2014 मध्ये 18 राज्यांतले 37 जण टायफिम्युरियमने आजारी पडले, माग काढत गेल्यावर सापांसाठी विकलेले गोठवलेले उंदीर हाती लागले. ब्रिटनमध्ये 2015 पासून साडेआठशेहून अधिक रुग्ण अशाच उंदरांशी जोडले गेले आणि शेवटी 2022 मध्ये लिथुआनियातून येणाऱ्या गोठवलेल्या उंदरांची आयात थांबवावी लागली. तिथे पाकिटावर सूचना छापलेल्या असतात, विक्रीवर सरकारी नजर असते, तरी हे झालं. आपल्याकडे उंदीर घरगुती पैदास करणाऱ्याकडून विनालेबलच्या पिशवीत येतात. म्हणून प्रत्येक पाकीट दूषित आहे असं धरूनच चालायचं, मग ते कितीही विश्वासू माणसाकडून आलेलं असो.

ओट्याजवळची बैठक

बाळ सहाव्या दिवशी घरी आलं. त्या आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरात बसलो. आजींनी विचारलं, "मग उकळून का घालत नाही त्याला?" प्रश्न अगदी बरोबर होता, 70 अंशांच्या वर साल्मोनेला मरतोच. पण शिजवलेल्या उंदराचं पोट फुटतं, काही जीवनसत्त्वं जातात, आणि साप बहुधा तोंडही लावत नाही. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच गरम करू नये. उंदीर आत फुटला तर ते यंत्र पुन्हा अन्नासाठी वापरायच्या लायकीचं राहत नाही. वहिनींनी विचारलं, "सापाला इंजेक्शन देऊन ते काढून टाकता येत नाही का?" नाही. निरोगी वाहक सापाला प्रतिजैविकं दिली तर जिवाणू काही काळ लपतो, जात नाही, आणि उरलेला औषधाला पुरून उरणारा होतो. मी ते देत नाही.

डब्यातले उरलेले उंदीर मी दवाखान्याच्या पिवळ्या जैववैद्यकीय पिशवीत घातले. घासणी, फडकं, कोथिंबीर, सत्त्वाचा पुडा, मटार, खोबरं सगळं टाकलं. खोबरं टाकताना आईंचा जीव तुटला. फ्रीज बंद करून आधी साबणाच्या पाण्याने धुतला, मग ब्लीचने. हा क्रम उलटा चालत नाही, कारण रक्त-चिकटा शिल्लक असेल तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतं. बाजारातलं पाच टक्के सोडियम हायपोक्लोराइट एक लिटर पाण्यात 20 मिलिलिटर, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, मग स्वच्छ पाण्याने पुसायचं. बाटली ताजी हवी. आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा खिडकीत ठेवलेल्या ब्लीचचा जोर भराभर उतरतो. आणि संडास धुवायच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो.

मुलाला मी नवी रीत घालून दिली. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीज, जुन्या बाजारात मिळतो. तो होईपर्यंत उंदीर आणायचेच नाहीत. बॉल पायथनच्या अंगावर मांस असेल तर तीन-चार आठवडे न खाता त्याचं काही बिघडत नाही. मऊ पडून आलेलं खोकं परत गोठवायचं नाही, टाकायचं. वितळवायचं तर उंदीर घट्ट बंद पिशवीत, त्याच फ्रीजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर, मग पिशवी न उघडता, फक्त याच कामाच्या बादलीत, साधारण चाळीस अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं. पिशवी उघडायची ती पेटीजवळच. चिमटा वेगळा, लांब, तिथेच राहणारा. सापाने नाही खाल्लं तर आपल्या उन्हाळ्यात तास-दोन तासांत काढून दुहेरी पिशवीत घालून फेकायचं, फ्रीजमध्ये परत नाही. बादलीचं पाणी संडासात ओतायचं, मोरीत किंवा सिंकमध्ये नाही.

पाण्याचा प्रश्न मुद्दाम काढला. चार दिवसांनी नळ येणाऱ्या घरात 'वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात धुवा' हे सांगून मोकळं होता येत नाही. माणूस टबात हात बुडवतो, तेच पाणी पुन्हा वापरतो. त्यावर उपाय म्हणून तोटी असलेला वीस लिटरचा कॅन आणि खाली बादली. एका वेळच्या हात धुण्याला अर्धा-पाऊण लिटर पुरतं. हे पाणी घरातल्या पाण्याच्या हिशेबात धरायचं, नाहीतर तो पुन्हा तांब्यावर येतो.

हे सगळं सांगून झाल्यावर वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं त्यानं केलं तरी, तुम्ही तुमचं बाळ या घरात ठेवाल का?"

मी तयारी करून आले होते ती साप वाचवायला. पण प्रश्न सरळ होता. पाच वर्षांखालची मुलं, पासष्टच्या पुढची माणसं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले लोक असलेल्या घरात सरपटणारे प्राणी ठेवू नयेत, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा स्पष्ट सल्ला आहे. या घरात रांगायला लागलेलं बाळ होतं आणि बहात्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या आजी. रीत कितीही चांगली असली तरी ती पाळणारा एकटा आहे आणि रोज रात्री तो थकलेला असतो. मी म्हटलं, "नाही ठेवणार." मुलाने मान खाली घातली. त्याच्याकडे बघणं मला जड गेलं, कारण शहरात प्राण्याची इतक्या निष्ठेने काळजी घेणारे फार थोडे आहेत, त्यातला तो एक.

आणि तरी मला असं वाटतं की त्याने पहिल्या दिवशी हे उघडपणे केलं असतं, गच्चीवर आजींनी दिलेल्या जागेत, स्वतःच्या बादलीत, तर बाळ बहुधा आजारी पडलं नसतं. अंधारात नळ न सोडता धुतलेला वाडगा, लेबल नसलेला डबा, झाकणाची चीर कुणाला न दिसणं, हे सगळं लपवण्यातून आलं. आणि लपवावं लागलं ते घरात मांस चालत नाही म्हणून. शाकाहारी घरांत साप, अगदी मांसाहारी कुत्रं पाळणारी मुलं मला अधूनमधून भेटतात. आता मी पहिल्या भेटीत विचारते, खाणं कुठे ठेवता, आणि घरात कुणाकुणाला माहीत आहे.

नंतर

साप जूनमध्ये विजापूर रोडला राहणाऱ्या मित्राकडे गेला. तिथे लहान मूल नाही, म्हातारं माणूस नाही. जुना छोटा फ्रीज घेतला, त्याच्या दारावर आजींनी स्वतःच्या हाताने खडूने फुली मारून दिली. मुलगा दर दुसऱ्या रविवारी तिकडे जाऊन खायला घालतो आणि घरी परतल्यावर आधी अंघोळ करतो, मग बाळाला घेतो.

बाळाचं शौच महिन्याने तपासलं तेव्हा साल्मोनेला अजून होता, जुलाब नसतानाही. पाच वर्षांखालच्या मुलांत तो आठवडेच काय, महिनेही टिकतो. त्यामुळे डायपर बदलल्यावर हात धुण्याची शिस्त वहिनींनी तशीच चालू ठेवली, कॅन आता मोरीत असतो. ऑगस्टमध्ये, नागपंचमीनंतरच्या आठवड्यात, दुसरा अहवाल स्वच्छ आला. वहिनींनी तो मला फोनवर वाचून दाखवला आणि मग विचारलं, "साप किती वर्षं जगतो ओ, मॅडम?"

नीट सांभाळला तर वीस-तीस वर्षं, मी म्हटलं.

"मग हिला पाच पूर्ण होऊ दे. त्याला सांगा, वरची खोली आम्ही भाड्यानं देणार नाही."